बाथरूमच्या छताला काळी बुरशी, ब्लीच मारूनही परत येतेय. काय करावं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. लातूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. आमचा दुसरा मजला, वर आणखी एक. बाथरूम पाच बाय सात फुटांचं. बाहेरच्या भिंतीला खिडकी नाही. वर एक छोटा झरोका आहे, तो डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत, उघडतो. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून दोनशे लिटरचं टिपाड आणि चार बादल्या कायम भरलेल्या असतात. दुसरी जागा नसल्यामुळे सगळं बाथरूममध्येच.

जुलै लागला की छताला काळे ठिपके दिसायला लागतात. आधी गिझरच्या वरच्या कोपऱ्यात, मग दारामागच्या भिंतीवर, मग टाइल्सचे सांधे काळे पडतात. ब्लीच मारलं की सगळं स्वच्छ होतं आणि पंधरा दिवसांत पुन्हा होतं तसं. सासूबाईंना दमा आहे. पावसाळ्यात त्यांचा खोकला वाढतो, अंघोळीहून आल्यावर तर जास्तच. म्हणून यंदा हे मुळातून संपवायचं ठरवलंय. घरमालक म्हणतात, तुम्हीच पाणी फार सांडता. रत्नागिरीच्या मैत्रिणीला सांगितलं तर मराठवाड्यात बुरशी होते हेच तिला पटेना.

कुठलं औषध, कुठला रंग, कोणाला बोलवायचं, जे माहीत असेल ते सांगा.

गोदाकाठ (नांदेड)

टिपाडाला झाकण आहे का ताई? आमच्याकडे नुसतं झाकण घट्ट बसवलं आणि टिपाड भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, तर त्यामागची काळी पट्टी थांबली.

ओळंबा (छत्रपती संभाजीनगर)

ताई, औषधाचं नंतर बघू. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायला हवं. बांधकामावर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि दर पावसाळ्यात लोक हाच प्रश्न उलट्या टोकाने विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. साबणाचा थर, अंगावरचं तेल आणि मळ, धूळ, रंगातला चिकट पदार्थ, यावर त्यांचं भागतं. कितीही घासलं तरी यातलं काही पूर्ण संपवता येत नाही. आपल्या हातात असतं ते फक्त पाणी. एखादी जागा एक-दोन दिवस सलग ओली राहिली की बुरशी रुजते. ब्लीचने वरचा काळेपणा जातो, पण गिलाव्याच्या छिद्रांत शिरलेले तंतू राहतात आणि ओलही राहते. मग पंधरा दिवसांत ती परत येणारच, बाटली कुठल्याही कंपनीची असो.

आता ओल कुठली ते ओळखायचं. अंघोळीची वाफ गार छताला लागून तिथे पाण्याचे कण साचतात, ही हवेतली ओल. तिचे ठिपके बारीक आणि विखुरलेले असतात, कोपऱ्यात आणि कपाटामागे जास्त, कारण तिथे हवा हलत नाही. दुसरी ओल पाझराची. तिचा डाग नकाशासारखा पसरतो, कडेला पिवळट-तपकिरी रेघ असते, रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. तुमच्या वर मजला आहे म्हणून ही दुसरी शक्यता सोडू नका.

घरच्या घरी करायची परीक्षा सांगतो. भिंतीवरची बुरशी आधी धुऊन घ्या आणि पंखा लावून जागा पूर्ण वाळवा. मग वीतभर जाड प्लास्टिक किंवा स्वयंपाकघरातली फॉइल लावून चारही कडा टेपने पक्क्या बंद करा आणि एक दिवस तशीच ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर हवेतली ओल. फॉइल काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून किंवा स्लॅबमधून येतंय. एकच तुकडा लावू नका. एक छताच्या कोपऱ्यात, एक दारामागे, एक टिपाडाजवळ लावा. एकाच बाथरूममध्ये दोन्ही प्रकारची ओल सापडते, आणि तेव्हाच लोक सर्वांत जास्त गोंधळतात.

वरच्या मजल्याचं पाणी कसं येतं, तेही समजून घ्या. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाजूच्या खोल्यांपेक्षा फूटभर खाली घेतात. त्या खड्ड्यात पाइप टाकतात, वर विटांचे तुकडे आणि कोबा भरतात, मग फरशी. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीच्या जाळीखाली सांडपाणी जातं त्या भांड्याच्या, भोवतीचं सिमेंट सुटलं की पाणी त्या भरावात उतरतं आणि तिथेच मुरतं. वरच्यांना काहीच दिसत नाही, तुमच्या छताला मात्र महिनोन्महिने ओल. उन्हाळ्यातही तो कोपरा गार आणि दमट लागत असेल तर माझा पहिला संशय तिथेच.

मांजराकाठ

दादा, धन्यवाद. उन्हाळ्यात ठिपके नसतात, पण गिझरच्या वरच्या कोपऱ्यात रंग फुगलेला असतो हे खरं. आजच फॉइल लावते.

वाड्यातली (पैठण)

आमच्या माहेरी न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात होती. शहाबादी फरशी, तीन बाजूंनी भिंत, वर अर्धं उघडं. दुपारी ऊन थेट फरशीवर यायचं आणि संध्याकाळपर्यंत सगळं खडखडीत वाळायचं. सांडपाणी परसातल्या अळूला. तिथे शेवाळ व्हायचं, पण ते एका कडेला. आता बाथरूम घराच्या पोटात आलं आणि ऊन-वारा दोन्ही तुटले. नवीन घर बांधणाऱ्यांनी निदान एक भिंत बाहेरची मिळेल असा नकाशा मागावा. बंगल्याच्या प्लॅनमध्ये बाथरूम बहुतेक वेळा उरलेल्या जागेत कोंबलेलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

रसायनशाळा (अंबाजोगाई)

शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ब्लीचबद्दल मला लिहायलाच हवं, कारण दरवर्षी कोणीतरी ते टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळतं.

संडास धुण्याच्या निळ्या द्रवात आणि बाजारातल्या सुट्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो, आणि पाच बाय सातच्या बंद खोलीत तो फुप्फुसाला इजा करायला पुरेसा आहे. व्हिनेगर आणि लिंबूही आम्लच, तेही ब्लीचबरोबर नको. अमोनिया असलेले काचेचे क्लीनर नकोत. आज ॲसिडने फरशी धुतली असेल तर भरपूर पाणी ओतून ती स्वच्छ करा आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी वापरा.

प्रमाण: घरगुती द्रव ब्लीच साधारण ४ ते ५ टक्क्यांचं मिळतं. चार लिटर पाण्यात एक वाटी, म्हणजे २५० मिली, यापेक्षा जास्त घालायची गरज नाही. खेड्यात ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असेल तर एका लिटरला साधारण १० ग्रॅम. नीट ढवळून थोडा वेळ ठेवायचं, चुन्याचा गाळ खाली बसला की वरची निवळी घ्यायची. डबा उघडा राहिला असेल किंवा जुना असेल तर त्यातला क्लोरिन बराचसा उडून गेलेला असतो. तो असून नसल्यासारखा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी जागा ओली करा, कारण कोरडी बुरशी खरवडली की बीजाणू घरभर उडतात. मग साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून मळ काढा. साबणाचा थर तसाच ठेवून ब्लीच ओतलं तर क्लोरिन त्या मळातच खर्च होतो. पाण्याने धुवा, मग ब्लीचचं पाणी लावा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, पुन्हा धुवा, आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मेलेली बुरशीही ॲलर्जी आणते, तेव्हा ती भिंतीवरून निघायला हवी. रंग उडाला म्हणजे काम झालं असं समजू नका.

छताला स्प्रे मारू नका, थेंब डोळ्यांत येतात. काठीला स्पंज बांधा. चष्मा, रबरी हातमोजे, मास्क, आणि घराकडचं दार बंद. दमा असलेल्या माणसाने त्या वेळी घराबाहेर किंवा दूरच्या खोलीत बसावं. सासूबाईंना त्या दिवशी अंघोळीला लगेच पाठवू नका.

ब्लीचचा वास चालत नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तसंच लावा, दहा मिनिटांनी घासा. महाग पडतं, पण छोट्या जागेला ठीक.

आणि शहाबादी! ती चुनखडकाची आहे. ॲसिड टाकलं की फेस येतो तो मळाचा नसतो, फरशी विरघळते त्याचा असतो. वर खड्डे पडतात, खड्ड्यांत पाणी साचतं, तिथे बुरशी आणखी घट्ट बसते. कोटा फरशीचं तेच, टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटचंही तेच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार काढायला लोक ॲसिड वापरतात, म्हणून सांगतेय. नळाच्या तोटीला व्हिनेगरचं फडकं गुंडाळलं तरी क्षार निघतात. फरशीला तेही लावू नका.

बालाघाट (बीड)

ताई, एक विचारायचं होतं. २०२१ ला कोरोनानंतर जी काळी बुरशी आलती, लोकांचे डोळे गेले, तीच का ही? आमच्या घरात मामांना शुगर आहे आणि बाथरूमचा कोपरा काळा व्हायलाय. घरात सगळे घाबरलेत.

रसायनशाळा

नाही. तो म्युकरमायकोसिस, म्युकर गटातल्या बुरशींमुळे होणारा आजार. ती बुरशी माती, शेणखत, सडक्या पाल्यात असते. त्या वेळी अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खाली गेलेल्या लोकांना तिने गाठलं. रोगाने मेलेली ऊती काळी पडते म्हणून ते नाव पडलं. बाथरूममध्ये काळी दिसणारी बुरशी बहुतेक क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस अशा गटांतली असते. तिचा त्रास मुख्यतः शिंका, नाक गळणं, खोकला, दमा वाढणं असा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही भर श्वसनाच्या त्रासावर आणि ओल थांबवण्यावर आहे.

तरीही मामांची साखर ताब्यात नसेल तर बुरशी घासायचं काम त्यांना देऊ नका, घरातल्या दुसऱ्या कोणी करावं. आणि चेहरा दुखणं, नाकातून काळपट स्राव, डोळ्याला सूज असं काही दिसलं तर बाथरूमचा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बालाघाट

लई हायसं वाटलं. मामांना वाचून दाखवते.

मोसंबीबाग (अंबड)

आमच्या मळ्यातल्या न्हाणीला आम्ही दर साल दिवाळीच्या आधी चुना मारतो. कळीचा चुना पिपात भिजवायचा, दोन दिवस मुरू द्यायचा, गाळून घ्यायचा अन् त्यात जरासं मोरचूद. बागंत मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावतोच की आपण पावसाळ्याच्या आधी अन् नंतर, तेच दोन जिन्नस, चुना अन् मोरचूद. बुरशी येत नाही म्हंजे नाही. शहरातले लोक डब्यातल्या रंगाला हजारो रुपये घालायलेत, चुना कोणी बघंना.

रसायनशाळा

काका, चुन्याबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे. ताज्या चुन्याचा सामू १२ च्या आसपास असतो, तेवढ्या क्षारात बुरशी जगत नाही. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची चुनखडी होत जाते आणि तो जोर ओसरतो, म्हणून दरवर्षी नवा हात द्यावा लागतो. तुम्ही तो देता, म्हणून तुमच्याकडे टिकतं.

दोन गोष्टी मात्र जोडते. चुना उघड्या गिलाव्यावर बसतो, ऑइल पेंट किंवा डिस्टेंपरवर त्याचे पापुद्रे निघतात. आणि मोरचूद विषारी आहे. मळ्यातल्या उघड्या न्हाणीत एक वेळ ठीक, पण जिथे पिण्याचं पाणी साठवलंय आणि लहान मुलं भिंतीला हात लावतात, तिथे नुसता चुनाच बरा. चुना भिजवताना पाणी उकळतं, पीप प्लास्टिकचं नको आणि तोंड लांब ठेवा.

परभणीकर

मी कूलरचं लिहितो, कारण यावर कोणी बोलत नाही. मे महिन्यात आपल्या हवेत पाणीच नसतं, कूलरने घरात जेवढी ओल येते ती तासाभरात उडून जाते. पण जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाले की बाहेरची हवाच दमट. तरी उकाडा असतो म्हणून लोक खिडक्या लावून कूलर चालूच ठेवतात. तेव्हा कूलर गारवा देत नाही, फक्त घरात पाणी सोडतो. गाद्या दमट, कपाटातल्या कपड्यांना वास, आणि बाथरूमच्या भिंती वाळायचं नाव नाही. आमच्याकडे पहिला दमदार पाऊस झाला की कूलरचं पाणी सोडून देतो, पॅड वाळवून ठेवतो आणि पंख्यावर भागवतो. बुरशीचा हंगाम तिथेच निम्मा होतो.

दुसरं हिवाळ्याचं. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी एक आकडी होतो. छत बर्फासारखं गार आणि खाली गिझरचं कढत पाणी. तेव्हा छतावरून अक्षरशः थेंब टपकतात. म्हणजे पावसाळा संपला म्हणून एक्झॉस्ट फॅन बंद करायचा नाही.

मांजराकाठ

एक्झॉस्ट फॅनचंच विचारणार होते. डक्टमध्ये सोडला तर चालतो का? आणि बाहेरच हवा दमट असताना पंखा लावून उपयोग काय?

ओळंबा

चालतो. डक्ट वर आकाशाला उघडा आहे ना एवढं गच्चीवर जाऊन बघा. कित्येक ठिकाणी कबुतरं येतात म्हणून वर पत्रा ठोकतात आणि मग सगळ्या मजल्यांची वाफ आतच फिरते. पंखा मागे आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचा घ्या, नाहीतर खालच्यांची हवा तुमच्याकडे येईल.

तुमचं बाथरूम नऊ फूट उंच धरलं तर आतली हवा साधारण नऊ घनमीटर भरते. सहा इंची पंखा ताशी शंभर घनमीटरच्या वर हवा फेकतो, म्हणजे पाच-सहा मिनिटांत खोलीतली हवा एकदा बदलते. पण आत यायला वाट हवी. दाराखाली बोटभर फट नसेल तर पंखा नुसता गरगरतो. अंघोळ झाल्यावर अर्धा तास चालू ठेवा. ३५ वॅटचा पंखा रोज एक तास चालला तर महिन्याला एक युनिट वीज लागते.

बाहेरची हवा दमट असली तरी अंघोळीनंतरच्या बाथरूमपेक्षा ती बरीच कोरडी असते. आणि आपल्याकडे दिवसभर सारखी ओल नसते, पावसाळ्यातही सकाळपेक्षा दुपारी आर्द्रता पुष्कळ उतरते. पाऊस थांबलेला असेल तर दुपारी बारा ते चार दार सताड उघडं ठेवा आणि घरातला टेबल फॅन त्या दिशेने लावा. तीनचारशे रुपयांत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ६० टक्क्यांच्या खाली जेवढा वेळ राहता येईल तेवढं चांगलं.

पण खरं काम पंख्यापेक्षा वायपर करतो. अंघोळ झाली की भिंतींवरचं पाणी वरून खाली ओढायचं, मग फरशीचं जाळीकडे. दोन मिनिटं लागतात. जे पाणी जाळीतून गेलं ते वाळवायला पंखा लागत नाही. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या अंघोळीनंतर करायचं. एकट्या बाईवर टाकलं तर आठवडाभरात बंद पडतं, हे सगळ्या घरांत बघितलंय.

गोदाकाठ (नांदेड)

टिपाडाचं राहिलं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्यानंतर पाणी साठवायची सवय सुटणार नाही, आणि सुटू नये. पण ते साठवायचं कसं ते बदलता येतं. गॅलरीत किंवा जिन्याखाली जागा असेल तर तिथे. बाथरूममध्येच ठेवायचं तर खाली विटा किंवा लोखंडी स्टँड, मागे हात जाईल एवढी जागा, आणि झाकण घट्ट. उघडं टिपाड दिवसरात्र हवेत पाणी सोडत असतं. झाकणाचा दुसरा फायदा डेंग्यूच्या डासाचा, तो असल्याच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात ना, त्याच दिवशी टिपाड पुढे ओढून मागची भिंत पुसायची.

कयाधू (हिंगोली)

आमच्याकडे काळं कमी, पण बादलीच्या बुडाला आणि साबणाच्या ताटलीखाली गुलाबी चिकट थर येतो. आणि भिंतीला खालून पांढरी पावडर. ही पण बुरशीच का?

रसायनशाळा

दोन्ही नाहीत. गुलाबी थर जिवाणूंचा, बहुधा सेराशिया. साबणावर वाढतो, घासून ब्लीचचं पाणी लावलं की जातो, भांडं वाळवून ठेवलं की सहसा येत नाही. पांढरी पावडर म्हणजे लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येऊन उडतं आणि क्षार मागे राहतात. चिमूटभर पाण्यात टाका, विरघळली तर लोणा. त्यावर ब्लीच वाया घालवू नका. कोरड्या ब्रशने झाडा. लोणा दिसला याचा अर्थ भिंतीत पाणी चढतंय.

नळदुर्ग रोड (धाराशिव)

मग माझं तेच दिसतंय. तळमजला, काळ्या रानातलं प्लॉटिंग. बाथरूमच्या भिंतीला खालून कमरेपर्यंत ओल, वर लोणा, त्याच्यावर काळी बुरशी. दोनदा रंग देऊन झाला. बाहेरच्या बाजूने प्लिंथला आडवी चीर आहे, उन्हाळ्यात बोट जाईल एवढी रुंद होते आणि पावसाळ्यात मिटते.

ओळंबा

दादा, ही काळ्या मातीची करणी. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर्षानुवर्षं हे चाललं की हलका पाया वरखाली होतो, भिंत चिरते, आणि जमिनीतून जाणारा सांडपाण्याचा पाइप जोडावर निसटतो. बाथरूमचंच पाणी पायाजवळ मुरायला लागतं, त्याने माती आणखी फुगते. तुमच्या भिंतीवर वरून कितीही महाग रंग दिला तरी तो टिकणार नाही.

आधी सांडपाण्याचा पाइप तपासा. चेंबरचं झाकण उघडा, बाथरूममध्ये रंगीत पाण्याची बादली ओता, आणि चेंबरमध्ये ते पूर्ण पोहोचतं का बघा. कमी आलं तर मध्ये गळतंय. मग घराभोवती दोन-तीन फूट रुंदीचा कोबा, घरापासून बाहेर उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी थांबणार नाही. पायाला लागून झाडं असतील आणि त्यांना रोज पाणी घालत असाल तर ती हलवा. भिंतीचा ओला गिलावा पूर्ण खरवडून विटा उघड्या करून एक उन्हाळा वाळू द्या, आणि मग वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेला नवा गिलावा. जोत्यावर ओल अडवणारा थरच टाकलेला नसेल तर भिंतीत भोकं पाडून रसायन भरतात, पण ते करण्याआधी चांगला मिस्त्री प्रत्यक्ष दाखवा. चीर दरवर्षी वाढत असेल तर इंजिनिअर बोलवा, मग हा बुरशीचा प्रश्न उरत नाही.

मांजराकाठ

फॉइल काढली. दारामागे आणि टिपाडाजवळ खोलीकडच्या बाजूला थेंब, भिंतीकडून कोरडी. गिझरच्या वरच्या कोपऱ्यात उलटं, छताकडची बाजू ओलीचिंब. म्हणजे दोन्ही. वरच्या ताईंशी बोलले, त्या चांगल्या आहेत, जाळीत कापड कोंबून लाल रंगाचं पाणी साठवून ठेवायला तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या कोपऱ्यात गुलाबी छटा आली. फोटो काढून घरमालकांना पाठवला.

परभणीकर

फोटो तारखेसकट ठेवा ताई, आणि वरच्या ताईंनाही त्याच वेळी मालकांशी बोलू द्या. वरच्या बाथरूमचा मालक वेगळा असेल तर सोसायटीमार्फत. बोलणं पाण्यावर ठेवा, कोण किती सांडतं यावर नको.

मांजराकाठ

तसंच केलं. मालक येऊन बघून गेले, नहाणी ट्रॅप उकलून परत बसवायला तयार आहेत. आता मला छताचा रंग कधी द्यायचा ते सांगा. ते म्हणतायत गणपतीच्या आधी उरकून टाकू.

ओळंबा

नको, घाई करायला लावू नका. ट्रॅप आता दुरुस्त झाला तरी वरच्या भरावात मुरलेलं पाणी उतरायला वेळ लागतो. ओल्या स्लॅबवर रंग दिला तर ओल आत कोंडते आणि दिवाळीपर्यंत फुगे येतात. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे चांगलं कडक असतं, ते वाया घालवू नका. तोपर्यंत फुगलेला रंग खरवडून उघडा ठेवा, बुरशी दिसली तर रसायनशाळाताईंनी दिलेल्या क्रमाने धुवा, आणि दर आठवड्याला तोच फॉइलचा तुकडा लावून बघा. सलग दोन-तीनदा छताकडची बाजू कोरडी आली की मगच काम सुरू.

आधी सगळा सैल थर काढा. पोकळ वाजणारा गिलावा पाडून नवा करा. बाथरूमच्या छताला पीओपी किंवा साधी पांढरी पुट्टी जाड थरात नको, ती ओल धरते. सिमेंटची पुट्टी पातळ, त्यावर प्रायमर, मग बुरशीरोधक लिहिलेला रंग दोन हात. त्या रंगातलं औषध काही वर्षांनी संपतं, तेव्हा वायपर आणि पंखा सोडू नका. टाइल्सचे सांधे काळे राहिले असतील तर वरचा थर टोकदार हत्याराने काढून इपॉक्सी ग्राउट भरा. साध्या व्हाइट सिमेंटपेक्षा महाग आहे, पण पाणी पीत नाही. बेसिनच्या कडेचं सिलिकॉन आतून काळं झालं असेल तर ते घासून निघत नाही. ब्लेडने पूर्ण कापून काढा, जागा वाळवा, आणि नवं लावल्यावर एक दिवस तिथे पाणी लागू देऊ नका.

मांजराकाठ

लिहून घेतलं. एक्झॉस्ट फॅन मात्र याच आठवड्यात बसवतेय, इलेक्ट्रिशियन उद्या येतोय. दाराखालची फट सुताराकडून करून घेते.